अडीचशेची फट

कसबा बावडा
७ ऑगस्ट २०२४

संयू बाळा,

मामाचा आशीर्वाद. तू म्हणतीस फोन करा. पण गेल्या साली त्या तापात कान गेले ते गेलेच. फोनवर मी नुसता 'हां हां' म्हणतो, मग तुझी मामी विचारते काय म्हणाली पोरगी, तर मला सांगता येत न्हाय. मोबाईलवर लिहावं तर बोटं फिटरची. एक अक्षर दाबलं की तीन उठत्यात. तवा पत्रच बरं. चार दिवसांत बंगळूरला पोचतंय, काय बिघडलं?

बातमी लई मोठी हाय. आमच्या पोरीचं, क्रांतीचं डिझाईन परवा गेलं! परदेशातल्या कारखान्यात तिची चिप होणार. एम.टेक.च्या वर्गात एकटीचंच निवडलं सरांनी. मी विचारलं, बाई, नक्की करतीस तरी काय? तर वहीत पेन्सिलनं काढून दाखवलं. उजेडाचा एक सरळ रस्ता आणि त्याच्या कडंला एक वाटोळं. रस्त्यावरचा उजेड जाता जाता वाटोळ्यात शिरतोय. वाटोळ्याला इवलीशी वीज दिली की रस्त्यावरचा उजेड चालू, काढली की बंद. सेकंदाला अब्जावधी वेळा, आणि त्या चालू-बंदमधनं सगळ्या जगाचे निरोप जात्यात. मॉड्युलेटर म्हणायचं त्याला. पहिले मिलीमीटरभर लांब असायचे, आता केसाच्या जाडीत बसवायचा. मी म्हटलं, आता गं बया! आम्ही जन्मभर हातभर जाडीच्या शाफ्टला रडलो.

सगळा खेळ म्हणे रस्ता आणि वाटोळं यांच्यातल्या फटीचा. फट बरोबर असली तर उजेड नीट शिरतो, न्हायतर समोरनं तसाच निघून जातो. हिच्या हिशेबानं ती एकशे ऐंशी नॅनोमीटर यायची आणि तुझ्या छापलेल्या लेखात अडीचशे. चार दिवस तोंड वाळवून बसलीती. मी म्हटलं, ताईनं करून दाखवलंय, तू काय तिच्यापेक्षा शहाणी हायस? मग तिनं मोबाईलवर तुला विचारलं, तू अंगठ्याचं चित्र पाठवलंस. मिटलं. जागा एवढीशी मिळालीया, चारच वाटोळी बसली. चारीच्या चारी अडीचशेच्या आगंमागं.

एकतीस ऑगस्टपर्यंत दुरुस्ती चालती म्हणे, मग दार बंद. चिप यायला सात-आठ महिने. हिची डिग्री तिच्यावर हाय आणि कॉलेजला अशी संधी परत मिळायची न्हाय. तू आमच्यात राहून इंजिनेर होत होतीस तवा ही तुझ्या वह्यांना कव्हरं घालायची, आठवतंय का? आता तुझ्या वाटेनं चाललीया.

बाळासो मामा


बंगळूर
१४ ऑगस्ट २०२४
(हे पोस्टात टाकलं नाही)

ती. मामा,

अडीचशे चूक आहे. एकशे ऐंशी बरोबर आहे. क्रांतीचा हिशेब बरोबर आहे.

एवढं लिहायला मला दोन दिवस लागले. आता बाकीचं लिहिते. माझ्या चिपवर एका रांगेत आठ वाटोळी होती, प्रत्येकाची फट वेगळी, एका टोकाला एकशे ऐंशी, दुसऱ्या टोकाला अडीचशे. त्यातलं एक झकास चाललं. कुठलं, तर टोकाचं. पण चिप मायक्रोस्कोपखाली उलटी बसली होती आणि मी रांग चुकीच्या टोकापासून मोजली. बस, इतकंच. शाळेतल्या पोरीनं करावी अशी चूक. त्यावर लेख लिहिला, तो छापून आला, कौतुक झालं. पाच महिन्यांनी, फेब्रुवारीत, जुने फोटो लावताना माझ्या लक्षात आलं.

तेव्हाच कळवायला हवं होतं. पण पीएच.डी.ची तोंडी परीक्षा १२ सप्टेंबरला आहे आणि कंपनीनं नोकरी दिली आहे ती त्याच लेखावर. म्हटलं, परीक्षा झाली की कळवू. तोवर कोण बघतंय?

आणि क्रांतीचा मेसेज आला. 'ताई, फट २५० च ना?' मी कँटीनमध्ये डोसा खात होते. लांबलचक लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. मग अंगठा पाठवला. आणि मामा, उरलेला डोसा खाल्ला मी. चटणी परत मागून घेतली.

अजून सतरा दिवस आहेत. तुम्ही तिला एवढंच सांगा की


बंगळूर
२० ऑगस्ट २०२४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून खूप आनंद झाला. क्रांतीचं मनापासून अभिनंदन! परीक्षेच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला, रागावू नका. क्रांतीला म्हणावं, आकडे बरोबर आहेत, उगाच शंका काढत बसू नको. डिझाईन एकदा गेलं की त्याच्याकडे परत बघायचं नसतं, बघितलं की माणूस नको तिथे हात लावतो.

सोबत मामींना साडी आणि तुमच्यासाठी कानाचं नवीन यंत्र पाठवत आहे. चांगल्यातलं आहे, वापरून बघा. क्रांतीला एक घड्याळ आहे.

तुमची
संयोगिता


कसबा बावडा
९ एप्रिल २०२५

संयू,

आशीर्वाद. दिवाळीला आली न्हाईस, संक्रांतीला आली न्हाईस. डॉक्टर झालीस तर पेढं द्यायला तरी यायचं. कानाचं यंत्र चांगलं हाय, पण त्यातनं माणसापरीस पंख्याचाच आवाज जास्त येतोय, म्हणून पेटीत ठेवलंय.

चिप आली. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आली म्हणून आम्ही शुभ धरलं. क्रांतीनं घरी फोटो आणला. एवढ्याशा तुकड्याला तुझ्या मामीनं मोबाईलवरनंच हळदीकुंकू लावलं, काच पुसायला मला अर्धा तास लागला. मग ही गेली लॅबमध्ये. संध्याकाळी आली ती जेवली न्हाय. दुसऱ्या दिवशी तसंच.

तिसऱ्या दिवशी मीच गेलतो कॉलेजला. सरांनी पडद्यावर दाखवलं. उजेड सरळ चाललाय, वाटोळ्याकडं बघत पण न्हाय. खरं तर तिथं खोल खड्डा दिसायला पायजे म्हणे, तर नुसती खळी पडल्यागत दिसतंय. वीज द्या न्हायतर देऊ नका, उजेडाला फरक न्हाय. चारी वाटोळ्यांचं तेच. सर चांगले हायत, उलट तिला चहा पाजला, पण त्या चहाचीच शरम जास्त वाटली बघ पोरीला.

तू यातली जाणकार. आमच्या पोरीचं काय चुकलं, तेवढं सांग. ती तुला विचारायला लाजती. म्हणती, ताईनं सगळं हातात दिलंतं, तरी मला जमलं न्हाय.

बाळासो मामा


बंगळूर
१९ एप्रिल २०२५

ती. मामांना नमस्कार.

वाचून फार वाईट वाटलं. असं होतं कधी कधी. या वाटोळ्यांना उष्णता अजिबात सोसत नाही. खोली एक-दोन अंशानं तापली की उजेडाचा रंग सरकतो आणि मग काहीच जुळत नाही. कोल्हापुरात एप्रिलचं ऊन म्हणजे विचारायलाच नको. तिला म्हणावं, आधी तापमान बघ. मग प्रकाश आत सोडायच्या टोकावर धूळ आहे का बघ. घाई करू नको.

दिवाळीला यायचंच होतं, पण नवी नोकरी आहे. मला आता टीमप्रमुख केलं आहे.

संयोगिता


कसबा बावडा
१२ जून २०२५

संयू,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. तापमान म्हणालीस, तर ही पोरगी दीड महिना नुसतं तापमानाच्याच मागं लागली. पहाटे पाचाला उठून कॉलेजला जायची, थंडाव्यात मोजायला. लॅबची दारं-खिडक्या चिकटपट्टीनं बंद केली. शिपाई गुंडू कांबळे म्हणाला, मामा, तुमची पोरगी मला पंखासुदीक लावू देत न्हाय. धूळ म्हणालीस, तर तीन वेळा पुसून घेतली. फरक शून्य.

आता तिनं अर्ज लिहिलाय. एम.टेक.मधनं नाव काढून घ्यायचा. 'माझ्या आकलनातील त्रुटीमुळे विभागाची संधी वाया गेली', असं लिहिलंय. सही करून टेबलावर ठेवलाय. येत्या तेवीस तारखेला देणार. जयसिंगपूरला एका क्लासात शिकवायला जाती म्हणती. शिकवण्यात कमीपणा न्हाय, पण ही शिकवायच्या हौसेनं न्हाय चालली. मला अक्कल न्हाय, असं म्हणत चाललीया. घरात कुणाशी बोलत न्हाय, फोन उचलत न्हाय. वर्षाराणी म्हणून तिची मैत्रीण हाय, ती दारातनं दोनदा परत गेली.

खरं सांगू का, मला माझंच मन खातंय. आमच्या फिटरखात्यात एक रीत होती. शाफ्टवर बुश बसवायच्या आधी माप दोघांनी घ्यायचं. पण पहिल्यानं आपलं माप बोलायचं न्हाय. मुठीत चिठ्ठी ठेवायची. दुसऱ्यानं आपलं घ्यायचं, मग दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या. कारण एकदा कानावर आकडा पडला की दुसऱ्याच्या डोळ्याला तोच दिसतोय. चौतीस वर्षं मी हे पाळलं, पोरांना शिव्या घालून पाळायला लावलं. आणि पोटच्या पोरीला काय म्हटलं? ताईचा आकडा हाय ना, तुझा खोड. तिच्या चिठ्ठीत एकशे ऐंशी होतं, संयू. मी ती उघडूच दिली न्हाय.

तुझा लेख चुकलाय असं मी म्हणत न्हाय. तो कसा चुकंल? पण माझ्या मनाला घोर लागलाय. माझ्यामुळं झालं का गं हे? व्हय म्हणालीस तरी चालंल, पण खरं सांग.

बाळासो मामा


बंगळूर
१६ जून २०२५

ती. मामा,

तुमच्यामुळं नाही. माझ्यामुळं.

सोबत एक जुनं पत्र जोडलं आहे, गेल्या १४ ऑगस्टचं. ते अर्धवट आहे. 'एवढंच सांगा की' इथे थांबलं आहे. पुढं लिहायचं होतं की 'फट बदल'. दोन शब्द. ते लिहिले असते तर क्रांतीची चिप चालली असती. ते पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलं आणि तुम्हाला दुसरं लिहिलं, साडीबिडी पाठवून. कानाचं यंत्र पाठवलं! तुम्हाला ऐकू यावं म्हणून, आणि सांगायचं ते सांगितलंच नाही. एप्रिलमध्ये तुम्ही विचारलंत, तर तापमानाची थाप मारली. तापमानाचं खरं असतं मामा, पण ते कारण नाही हे मला माहीत होतं. आणि ती पहाटे पाचला उठून जात होती.

वाटायचं, परीक्षा झाली की सांगू. परीक्षा झाली. मग वाटलं, नोकरीत पक्की झाले की सांगू. पक्की झाले, वर प्रमुख झाले. आता टीममधली पोरं माझा लेख पाठ केल्यासारखा बोलून दाखवतात आणि मी मान हलवते. तुमच्या घरात चार वर्षं जेवले मी. क्रांतीची खोली मला दिली होती आणि ती स्वयंपाकघरात झोपायची. मामा, मी नीच वागले. याला दुसरा शब्द नाही.

काल मी मासिकाला लेखात चूक आहे म्हणून कळवलं. माझ्या गाईडना सांगितलं, कंपनीतही सांगितलं. पुढं काय होईल ते होईल. कंपनीतल्या सरांनी एवढंच विचारलं, 'कधीपासून माहीत होतं?' त्याचं उत्तर देताना तुमची आठवण झाली. क्रांतीच्या सरांनाही ईमेल केली आहे. पण ते सुट्टीवर आहेत असं उत्तर आलं, म्हणून भीती वाटते. तो अर्ज देऊ देऊ नका. हात जोडते.

आमच्या इथून डिसेंबरमध्ये नवी चिप जाणार आहे. तिच्यात क्रांतीसाठी जागा मागते. त्यावरच्या लेखात तिचं नाव माझ्या आधी घालते. ती म्हणेल ते करते.

संयोगिता


कसबा बावडा
२१ जून २०२५

संयोगिता,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

राग आला. खोटं कशाला बोलू? रागात लिहू नये म्हणून लगेच लिहिलं न्हाय. तुझी मामी रडली आणि म्हणाली, जाऊ द्या, आपलीच पोरगी हाय. मी म्हटलं, आपलीच हाय म्हणून तर! परक्याचा लेख असता तर क्रांतीनं दहादा तपासला असता की. तुझा होता म्हणून आम्ही तिला तपासू दिला न्हाय. तुझ्या चुकीचं मला काय न्हाय. मी काय कमी शाफ्ट वाकवले व्हय? पण पोरगी दीड महिना पहाटे उठती हे मी तुला लिहिलं, तवा कुठं तुझं तोंड उघडलं.

आणि दुसरं. हे सगळं तू मला लिहिलंस. तिला का न्हाय? तिच्यासमोर बोलायची हिंमत न्हाय म्हणून म्हाताऱ्याच्या हातनं निरोप? मी पोस्टमन न्हाय. पण तेवीस तारीख तोंडावर हाय, म्हणून दोन्ही पत्रं तिच्या हातात दिली. ती माडीवर गेली ती अजून खाली आली न्हाय. अर्ज मी काढून घेतलेला न्हाय. तो तिचा हाय, फाडायचा का द्यायचा ते ती बघंल. आता परत तिच्या कामात बोट घालायचं न्हाय असं ठरवलंय.

गणपतीला येऊ नको असं म्हणत न्हाय. पण यायच्या आधी मला विचारू नको, तिला विचार.

बाळासो


कसबा बावडा
६ जुलै २०२५

ताई,

तुझे एकवीस मिस्ड कॉल बघितले. उचलले नाहीत, कारण फोनवर मी रडले असते आणि मग तू रडली असतीस आणि मग मीच तुला 'असू दे गं ताई' म्हटलं असतं. मला ते म्हणायचं नव्हतं. म्हणून पप्पांसारखं पत्र.

अर्ज दिला नाही. थीसिस लिहितेय. सर सुट्टीवरून आले, त्यांना दोन्ही पत्रं दाखवली. ते म्हणाले, तुझा जुना हिशेब काढ. काढला. त्यात अडीचशेची फट ठेवली आणि बघितलं, उजेडाचा खड्डा किती खोल पडतो. तर खळीएवढाच पडतो. चिपवर मोजला होता तेवढाच, जवळजवळ दशांशापर्यंत. म्हणजे चिप बिघडलेली नव्हतीच. चारी वाटोळी माझ्या हिशेबाप्रमाणं वागत होती आणि मी त्यांना नालायक ठरवून पहाटे पहाटे त्यांच्यासमोर रडत होते. सर म्हणाले, हाच तुझा निकाल, असाच लिही.

तुझ्या डिसेंबरच्या चिपमध्ये मला जागा नको. तू वाईट म्हणून नाही. सध्या तू दिलेला कुठलाही आकडा मला दोनदा मोजावा लागेल आणि तेवढा दम माझ्यात नाही. पुढं कधी वाटलं तर मी विचारीन. गणपतीला ये. मम्मी रोज तुझं नाव काढते. मी घरात असेन, पण लगेच बोलेनच असं नाही.

आता एक गोष्ट, पप्पांना अजून माहीत नाही. अंगठ्याचं मी मनात धरून बसले असं तुला वाटत असेल. त्याचा राग आला होता, गेला. पण त्यानंतर काय झालं ते ऐक.

दुरुस्तीची मुदत संपायला चार दिवस होते. सत्तावीस ऑगस्ट. माझा हिशेब काही केल्या मला गप्प बसू देईना. म्हणून तुझ्या लेखातला फटीचा मोठा केलेला फोटो घेतला, तो झेरॉक्सच्या दुकानात आणखी मोठा करून आणला. फोटोत खाली मापाची रेघ आहे ना, पाचशे नॅनोमीटरची? ती माझ्या कागदावर बरोबर पंचवीस मिलीमीटर आली. तुझी फट अडीचशे असेल तर कागदावर साडेबारा यायला हवी. मी पट्टी लावली. नऊ आली.

नऊ म्हणजे एकशे ऐंशी. बरोबर माझा आकडा. ताई, तुझाच फोटो मला सांगत होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि मी घाबरले. पट्टी बदलली. दुसरी झेरॉक्स काढली. स्टीलची पट्टी पप्पांच्या पेटीतून आणली. नऊ, नऊ, नऊ. वहीत तिन्ही वेळा नऊ लिहिलं. पप्पांनी तुझं वीस तारखेचं पत्र त्याच दिवशी मला वाचून दाखवलं होतं. 'आकडे बरोबर आहेत, शंका काढत बसू नको.' मग मी म्हटलं, माझीच पट्टी चुकत असणार. ताई कशी चुकेल? आणि तिन्ही नवांवर काट मारली आणि शेजारी साडेबारा लिहिलं. तीन वेळा. एकदाही न मोजता.

वही थीसिससोबत जोडावी लागते. पानं तशीच ठेवली आहेत. परवा सरांनी ते पान उघडलं आणि विचारलं, हे साडेबारा कुणी लिहायला लावलं?

मी म्हटलं, कुणी नाही सर. मीच लिहिलं.

क्रांती